बाबांच्या डोक्यातली जागा

नागपुरात मे महिन्यात कुणाला काहीही झालं तरी दोष उन्हाचा. त्यात मी स्वतःला अर्धी डॉक्टर समजणारी बाई. बाबांचं डोकं दुखू लागलं, ते दुपारभर झोपून राहू लागले, एकदा उलटीही झाली, तेव्हा मी निदान करून मोकळी झाले की ऊन लागलं. चार दिवस पन्हं पाजलं, तळपायांना कांदा चोळला आणि कुणाचं ऐकत नाहीत म्हणून वर दमही भरला.

तीन आठवड्यांपूर्वी कूलरला नवी खस लावताना ते स्टुलावरून पडले होते, हे मी साफ विसरले होते. तेव्हा डोक्याला टेंगूळ आलं, बाबा हसले, चहा प्याले आणि उरलेली खस लावूनच खाली बसले.

आमचं घराणं विणकरांचं. बाबांनी माग सोडून बरीच वर्षं झाली, पण सूत तुटलं की गप्पा मारता मारता, न बघता गाठ मारायची त्यांच्या बोटांची सवय गेली नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी आईला दिसलं, की बाबा पायजम्याची नाडी बांधताहेत आणि उजव्या हाताची बोटं नाडीवरून नुसती घसरताहेत. तिनं माझ्या हातातला पन्ह्याचा पेला काढून घेतला.

"हे ऊन नोहे वं. यायले गाठ बांधता येऊन नाही राहिली. दवाखान्यात चाल."

"अशक्तपणा असंन, आई."

"चाल म्हटलं ना!"

ऑटोत बसल्यावरही मी धुसफुसतच होते.

डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन दाखवला. कवटीच्या आत रक्त साचलं होतं, पडल्यापासून थोडं थोडं, आणि आता मेंदूवर दाब येत होता. आजच काढावं लागेल, नाहीतर जिवाचं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. माझा चेहरा पाहून की काय, त्यांनी मला बसवून समजावलं. मेंदूवर कवटी, कवटीच्या आत तीन आवरणं, आवरणांमध्ये पाणी. मेंदू त्या पाण्यात तरंगतो, म्हणून रोजचे धक्के त्याला कळतही नाहीत. बाबांच्या पडण्याचा मार आधी त्या कवटीनं, त्या पाण्यानंच झेलला. वयानं मेंदू थोडा आक्रसतो, त्या मोकळ्या जागेत रक्त साचत गेलं आणि मेंदूनं इतके दिवस दम धरला.

"या सगळ्यांनी मिळून तुम्हाला वेळ दिला," डॉक्टर म्हणाले. तो वेळ मी पन्हं पाजण्यात घालवला होता.

कवटीला लहानसं भोक पाडून रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी डोळे उघडले आणि आईला विचारलं, "जेवली काय वं?" मी वॉर्डात सगळ्यांसमोर रडले.

तिसऱ्या दिवशी नर्सनं मला त्यांचं अंग पुसायला सांगितलं. डोकं भादरलेलं, एका बाजूला पट्टी. आजवर त्यांचा हात माझ्या डोक्यावर यायचा. माझा त्यांच्या डोक्यावर कधी गेला नव्हता, आपल्यात तशी रीतही नाही. मी पट्टीच्या बाजूला हलकेच तळवा ठेवला. इतका हट्टी माणूस सांभाळला म्हणून त्या हाडाचे, त्या पाण्याचे मी मनापासून आभार मानले. आणि आईचेही, तिच्या तोंडावर ते मानायची माझी हिंमत नव्हती.

"बाबा, मले समजलंच नाही. चुकलं माझं," म्हणत मी हात काढू लागले.

"राहू दे वं," ते डोळे मिटूनच म्हणाले. "बरं वाटून राहिलं."