सुमाअक्काचा मागे घेतलेला राजीनामा

फोन आला तेव्हा मी बेळ्ळंदूरच्या अलीकडे रिंग रोडवर अडकलो होतो. "सुमा गेली," तिचे भाऊ म्हणाले. "सकाळी बसची वाट बघत उभी होती, तिथंच पडली..." एका बाजूला बस, दुसऱ्या बाजूला सिमेंटचा ट्रक, कॅबचं दार उघडायलाही जागा नव्हती. तासभर मी तसाच बसून राहिलो. बसवनगुडीला तिच्या घरी पोचलो तोवर तिला नेलं होतं. त्याला आता सहा आठवडे झाले.

सुमाअक्का माझ्या नात्यातली नव्हे. तिचं मराठी घराणं कैक पिढ्यांपासून बेंगळुरूतलं, मी निपाणीचा. पण हिंदी-इंग्रजी बोलणाऱ्या त्या ऑफिसात "ऊटा झाला काय रे?" असं माझ्या जेवणाचं विचारणारी ती एकटीच होती. आमची कंपनी रक्त तपासणारी यंत्रं बनवायची. यंत्रावरच्या छोट्या पडद्यावर काय दिसावं, ते लिहिणं हे माझं काम. अक्का माझी वरिष्ठ. ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट; तिचा राजीनामा तेव्हा देऊन झाला होता. धारवाडच्या एका कॉलेजात तिला शिकवायला जायचं होतं.

त्याच महिन्यात कंपनीच्या होसकोट्याच्या कारखान्यात चाचणी करताना मला दिसलं, की नवा नमुना घातला तरी पडद्यावर कधीकधी आधीच्या पेशंटचं नाव तसंच राहतं. मी घाबरलो. कुणाला न सांगता दुरुस्त करू लागलो. एका जागी पुसलं की दुसरीकडे राही. आठ दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी अक्कानंच माझ्या शेजारी खुर्ची ओढली.

"तू पडद्याला हुकूम सोडतोस," ती म्हणाली. "हे काढ, ते पूस, तिथं लाव. एक हुकूम विसरलास की जुनं तिथंच. त्यापेक्षा पडदा कसा दिसायला पाहिजे, तेवढंच लिही. वर नाव, खाली निकाल, बाजूला बटण. प्रत्येकाला टॅग, म्हणजे नावाची खूण लावून, एकात एक बसवून. माहिती बदलली की त्या वर्णनावरून अख्खा पडदा नव्यानं निघेल. पुसायचं ध्यानात ठेवायलाच नको."

"पण सगळं नव्यानं लिहावं लागेल, अक्का."

"हो की. आणि आधी जाऊन सांगावं लागेल."

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "हे लिहिलंय कुणी?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. अक्का शांतपणे म्हणाली, "मी तपासून पुढं पाठवलं होतं. जबाबदारी माझी." मग तिनं टॅगची पद्धत मांडली. यंत्रं बाजारात जायची होती, उशीर कुणालाच नको होता. बराच वाद झाला. अखेर साहेब तयार झाले, एका अटीवर: सगळी यंत्रं नव्या पद्धतीवर येईपर्यंत अक्कानं जायचं नाही. तिनं एकदा खिडकीबाहेर बघितलं, "सरी, ठीक," म्हणाली, आणि राजीनामा मागं घेतला. माझी नोकरी वाचली.

तिची निवड बरोबर होती. पडद्याचं वर्णन नवखी मुलंही लिहू लागली, मराठीत, कन्नडात, तमिळमध्ये. नावांचा घोळ पुन्हा झाला नाही. पण ते वर्णन वाचून पडदा तयार करणारा प्रोग्रॅम एकट्या अक्कानं लिहिलेला. तो नीट समजून घेणारा दुसरा माणूस कंपनीनं कधी दिलाच नाही. एक यंत्र संपलं की दुसरं यायचं. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या दिवशीही ती दवाखान्याच्या जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. दोन वर्षांनी मला दुसरीकडे नोकरी लागली. तिला सांगताना मान वर होईना. "जा," ती म्हणाली. "स्वल्प लवकरच जा. नाहीतर तुलाही धरून ठेवतील." मी गेलो. ती राहिली, शेवटपर्यंत.

तेराव्यानंतर तिच्या आईंना भेटायला गेलो. त्यांना आता फारसं दिसत नाही. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "तिचं काम संपलं काय रे? दर वेळी म्हणायची, दोनच महिने राहिले."

मी सगळं सांगितलं. कुणाची चूक, कोण गप्प बसलं, आणि धारवाड कशामुळे राहिलं ते. त्या भिंतीला धरून आतल्या खोलीत गेल्या आणि तीन जाड वह्या आणून माझ्यापुढं ठेवल्या. "रविवारी लिहीत बसायची. काय आहे, वाच तरी."

ते धडे होते, कॉलेजच्या मुलांना शिकवायचे. पहिल्याच धड्यात पडद्यावर पुसायचं राहिलेल्या त्या नावाचीच गोष्ट होती. खाली अक्काच्या टपोऱ्या अक्षरात: 'यात लिहिणाऱ्याचा दोष नाही. इतकं सगळं एका माणसानं डोक्यात ठेवायचं, हीच पद्धत चूक.' मोठ्यानं वाचता वाचता मी तिथं थांबलो.

"पुढं वाच," आई म्हणाल्या.

आता दर शनिवारी दुपारी मी बसवनगुडीला जातो. अक्काच्या टेबलाशी बसून मोठ्यानं वाचतो. दुसरी वही निम्मी झालीय. आईंना त्यातलं एक अक्षर समजत नाही. मी थांबलो, की मात्र लगेच समजतं.