मास्तर शेड पास करत नाहीत

लिंबायतचे आमचे मास्तर दिवसातून दोनच तास कामाचे, सकाळी दहा ते बारा. बारानंतर कुठलाही रंग दाखवा, "आते नही," आता नाही, म्हणून मान फिरवणार. उधन्याच्या मिलमध्ये त्यांनी आयुष्यभर साड्यांच्या रंगांच्या शेड जुळवल्या. ट्यूबलाइटखाली पास केलेली शेड उन्हात नापास होते, हा तिथला धडा. निवृत्तीनंतर घरी स्कॅनर आणून ते जुन्या स्लाइडचे फोटो करून देऊ लागले, तरी तो धडा सुटला नाही. आणि नेमकी तीच वेळ पर्वत पाटियाला माझं कापडाचं दुकान उघडायची.

मला त्यांच्याकडून एकाच स्लाइडचा फोटो करून हवा होता. मिलमध्ये साड्यांच्या डिझाइनचे फोटो स्लाइडच्या फिल्मवर काढत. एकदा रोलमध्ये एक फोटो उरला, तो मास्तरांनी आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या माझ्या आईचा काढला. मी चार वर्षांचा असताना आई गेली. तिचा दुसरा फोटो नाही. ती एवढीशी चौकट उजेडासमोर धरून बघत मी मोठा झालो. आता माझ्या वडिलांना, बापूंना, काचबिंदू झाला होता. डॉक्टर म्हणाले, उरलेली नजर महिन्या-दोन महिन्यांचीच समजा. तेवढ्यात त्यांना आई मोठी करून दाखवायची, एवढंच माझं मागणं होतं.

मास्तरांनी पहिले तीन दिवस रबरी फुगा दाबून स्लाइडवर नुसती हवा मारली. चौथ्या दिवशी ती स्कॅनरमध्ये गेली. स्क्रीनवर 'ऑटो' दिसताच त्यांनी ते बंद केलं. "मशीनले इचारू नको, डोयाले इचार." मी म्हटलं, निदान सगळ्यात मोठा डीपीआय तरी लावा. तर म्हणाले, "आकडा मोठा करा म्हनजे फोटूमा नही ते उगी का?"

मग साडीचा रंग. जुनी झाल्यामुळे स्लाइड लालसर पडली होती. मी म्हटलं, करा हिरवी आणि मोकळे व्हा. मास्तर दुखावले. ती साडी म्हणे त्यांच्याच हातून बिघडलेल्या लॉटमधली, धड हिरवी ना धड निळी. असला माल कामगारांतच वाटला जायचा. "मन्हा हातनी बिघडेल शेड शे ती. तिले चांगली करू नको." बिघडलेला रंग हुबेहूब बिघडवण्यात सहा सकाळी गेल्या.

फोटोवर बारीक ठिपकेही होते. धूळ आणि ओरखडे काढायची सोय स्क्रीनवर समोरच होती. मी बोट नेलं की मास्तर हात बाजूला करत. "त्याले हात लावू नको." का, ते सांगायचं नाही.

सोळाव्या दिवशी माझा तोल गेला. "मास्तर, तुमची शेड पास होईपर्यंत बापू आंधळे होतील!" त्यांनी चष्मा काढला, पुसला, घड्याळाकडे पाहिलं. "बारा वाजनात."

मी स्लाइड उचलली आणि मार्केटातल्या एका डिझाइनवाल्याकडे नेली. त्याच्या मशीनवर असेल ते सगळं ऑटो लावलं. अर्ध्या तासात फोटो हातात, कालच काढल्यासारखा लख्ख. फ्रेम करून घरी आणला.

बापूंनी खिडकीपाशी बसून भिंग धरलं. कुंकवापासून सावकाश खाली येत ते हनुवटीपाशी थांबले. बराच वेळ तिथेच राहिले.

"हाई कोन शे?"

"आई, बापू."

"नही. तिनी हनुटीवर तीन ठिपका व्हतात. गोंदन व्हतं."

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला मी मास्तरांकडे. त्यांनी फ्रेम पाहिली आणि बाजूला ठेवली. "मशीनले काय मालूम, धूय कोनती न गोंदन कोनतं?"

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलो.

मास्तरांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. "तुले दिसनं नही का?"

नव्हतं दिसलं. जन्मभर तो फोटो बघूनही ते तीन ठिपके मी धूळच समजत आलो होतो. इतकी लाज मला दुसऱ्या कशाचीच वाटलेली नाही.

त्यानंतरही मास्तरांनी अकरा दिवस घेतलेच. दोनदा मी दात-ओठ खात परत आलो. शेवटी शेड पास झाली. आकाशात धुळीचे कण, कोपऱ्यात एक केस, साडी धड हिरवी ना निळी. बापूंनी भिंग हनुवटीवर नेलं आणि म्हणाले, "हां. हाई." जेमतेम तीन आठवड्यांनी त्यांची नजर गेली. मास्तरांनी जरा घाई केली असती तर बापूंना आणखी थोडे दिवस तिला बघता आलं असतं, हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मास्तर मात्र मागच्या हिवाळ्यात गेले. राग धरायचा तरी कुणावर?

बापू रोज भिंत चाचपडत फोटोपाशी जातात आणि काचेवर बोट ठेवतात. बरोबर हनुवटीपाशी काचेवर डाग पडला आहे. बायको फडकं घेऊन पुसायला गेली की मी तिच्यावर खेकसतो, त्याला हात लावू नको. ती चिडून विचारते, का? मी घड्याळाकडे बघतो आणि दुकानाला निघतो.