गाडीचं कपाळ

आता म्हणे जुन्या गाड्यांसाठी सरकारनं खास नंबरपाटी काढलीय, वेगळ्या अक्षरांची, मानाची. पेपरात वाचलं आणि मी एकटीच हसत सुटले. काढा बाबांनो, काढा! हाच शहाणपणा तेव्हा सुचला असता, तर माझ्या लग्नाच्या आठवड्यात आमच्या घरी महाभारत झालं नसतं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. वटारला आमच्या वाडीत पप्पांची काळी विलायती गाडी होती, जवळपास त्यांच्याच वयाची. पप्पा शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे आणि सुट्टीत गाडीखाली पडून असायचे. आळीतली प्रत्येक नवरी त्याच गाडीतून चर्चला गेलेली. माझी पाळी आली, तर गाडी नेमकी तीन वर्षं फणसाखाली बंद! पप्पांनी खटपट करून ती चालू केली, पण पुन्हा रस्त्यावर आणायची तर ठाण्याला नेऊन पासिंग करून घ्यायला हवं. मी म्हटलं, "चर्च इथं हाकेच्या अंतरावर. कोण बघतंय?" पप्पा म्हणाले, "मी बघतोय ना."

लग्न रविवारी होतं. मंगळवारी पप्पा ठाण्याला निघाले, आणि मीही हट्टानं सोबत गेले. घोडबंदरच्या रस्त्यावर गाडी दोनदा पाणी प्यायला थांबली. तपासणीच्या साहेबांनी ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, भोंगा तर उगाचच चारदा वाजवला. इतका जुना नंबर पाहून स्वारी खूष होती. मग ते पुढच्या पाटीपाशी वाकले.

"हे काय हो?"

नंबराच्या आधी बोटाएवढा पांढरा क्रूस होता.

"नंबरपाटीवर नंबराखेरीज काही चालत नाही. पाटी नीट रंगवून आणा, मी लगेच पास करतो."

मला असा संताप आला! म्हटलं, "जन्मापासून बघतेय मी तो क्रूस. कोणाचं काय वाकडं झालं त्यानं?" पप्पांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. परत येताना एवढंच म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. आता तुझ्या आयला कोण सांगणार?"

कारण तो क्रूस आयनं काढलेला. माझ्या वेळेला तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, पप्पांनी तिला ह्याच गाडीतून दवाखान्यात न्यायला काढलं, आणि वाटेत ब्रेक लागेना. गाडी थेट बावखलाच्या, म्हणजे गावातल्या तळ्याच्या, काठावर जाऊन थांबली. पुढची चाकं चिखलात, पाणी हातभर लांब. त्याच संध्याकाळी मी झाले. घरी आल्यावर आयनं पहिलं काम काय केलं, तर पांढऱ्या रंगाचा डबा उघडून पाटीवर क्रूस काढला. पप्पा म्हणाले, अगं, पाटीवर कशाला? तर म्हणे, "माणसाच्या कपाळावर क्रूस करतो ना आपण? गाडीचं कपाळ हेच."

आय आमच्या घरच्या बोलीत बोलायची. मी साध्या मराठीत सांगते, पण तिचा तिखटपणा काही इथं उतरायचा नाही.

"मास्तर," साहेबांचं म्हणणं ऐकून ती म्हणाली. रागावली की ती त्यांना मास्तर म्हणायची. "बैलगाडी जुंपा हवं तर. कपाळ पुसलेल्या गाडीत माझी पोर बसणार नाही."

झालं! घर पाहुण्यांनी भरत चाललेलं, आणि ही दोघं एकमेकांशी बोलेनात. मी मोगऱ्याच्या वाफ्यात जाऊन मनसोक्त रडले. मला तीच गाडी हवी होती, आणि आयच्या मनासारखी हवी होती.

बुधवारी रात्री जेवताना पप्पांनी तोड काढली. "कायदा पाटीच्या पुढच्या बाजूचा आहे. क्रूस मागच्या बाजूला काढतो."

आयनं बराच वेळ भात कालवला. "देवाला मागचं दिसतं ना?"

"त्याला काय दिसत नाही?"

"मग चालेल."

गुरुवारी ठाण्यातच पाटी रंगवून घेतली आणि गाडी पास झाली. पप्पा भोंगा वाजवत घरी आले, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी शेजारच्या वाडीतल्या काकांनी गाडीला मोगऱ्याच्या माळा घातल्या. पप्पांनी त्या पाटीवरून तीनदा बाजूला सारल्या, नंबर दिसायला हवा ना! मी आत बसले. बँडवाल्यांनी सूर धरला. तेवढ्यात आय गाडीसमोर आडवी आली, खाली वाकली आणि पाटीच्या मागे हात घालून चाचपू लागली. तिचा विश्वास म्हणून कोणावर नव्हता.

हात बाहेर आला तो अंगठा पांढराफेक.

"ओला आहे," आय म्हणाली.

पप्पांचं तोंड एवढंसं झालं. "राहिलं गं गडबडीत. आज सकाळी काढला."

म्हणजे ठाण्याहून घरापर्यंत आणि पुढे तीन दिवस गाडी तशीच, कोऱ्या कपाळाची! बँड थांबला. मी मनात म्हटलं, संपलं, आता चला चालत.

आयनं अंगठ्याकडे पाहिलं, मग पप्पांकडे. मग तरातरा माझ्या खिडकीशी आली आणि त्याच अंगठ्यानं माझ्या कपाळावर क्रूस काढला, चांगला दाबून.

"हा पुसायला सांगू दे कोणी," ती म्हणाली. "मास्तर, काढा गाडी."

वेदीपाशी फादरांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. तेलाचा रंग तो, आठवडाभर जाता गेला नाही. आणि खरं सांगू? मी घासलाही नाही.