चौकातला दिवा

पापण्यांच्या ऑपरेशनला चार दिवस झाले होते. दोन्ही डोळ्यांवर टाके, खाली जांभळी सूज, तोंड असं की कुणीतरी गल्लीत धरून ठोकलंय. शाळेच्या बसचे ड्रायव्हरकाका खिडकीशी उशांच्या ढिगाला टेकून बसले होते, कारण डॉक्टरांनी वाकायला आणि सपाट झोपायला मनाई केली होती. बायको बर्फाची पिशवी आणून द्यायची आणि दर खेपेला एकदा हसून घ्यायची.

काकांच्या पापण्या गेली काही वर्षं उतरतच होत्या, दुकानाचं शटर अर्धं ओढावं तशा. पण गडी कबूल करेल तर शपथ! मान मागे टाकून, भुवया कपाळात चढवून गाडी हाकायचे. लोक म्हणत, काय हा तोरा! तोरा कसला डोंबलाचा, तेवढी फट तरी उघडी राहावी म्हणून खटपट होती ती. मुलीच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत बाप झोपलेला दिसला, तेव्हा तिनंच हात धरून दवाखान्यात नेलं. तिथंही हे म्हणतात, "मला सगळं दिसतं."

बर्फ बाजूला ठेवून काकांनी बाहेर पाहिलं. "अरे वा! चौकात वर सिग्नल टांगला की. मी दवाखान्यात असताना बसवला का?"

बायकोचा हात थांबला. "अहो, दोन वर्षं झाली त्याला. रोज त्याच्याच खालून बस नेता तुम्ही."

"काहीतरीच काय!"

"मग कुणालाही विचारा."

काका रोजचा रस्ता मनात चालवून बघू लागले. रोज चाळीस लेकरं पाठीमागे. मग आपण थांबत कसे होतो? पुढची गाडी थांबली की थांबायचं. आणि पुढे गाडी नसली तर? तर रेडिओ बोलायचा.

रेडिओ म्हणजे बसमधली मदतनीस बाई. नाव काकांनीच ठेवलेलं. पोरांना चढवायचं, उतरवायचं हे तिचं काम, पण दाराशी उभी राहून टकळी अखंड चालू. "काका, थांबा बरं का." "काका, चला आता." काकांचं डोकं उठायचं. तीस वर्षं गाडी चालवतोय, ही मला शिकवणार! महिन्यापूर्वी त्यांनी शाळेत लेखी दिलं होतं : बाई फार बडबड करतात, दुसऱ्या गाडीवर टाका.

आणि संध्याकाळी तीच दारात उभी, हातात केळी.

"सोमवारपासून मी दुसऱ्या बसवर, काका. म्हटलं, त्याआधी तुम्हाला बघून यावं." आवाजात राग नव्हता. पाणी प्याली आणि खिडकीबाहेर बोट केलं. "सांगा बरं, काय लागलंय?"

"लाल."

बराच वेळ ती गप्प राहिली. रेडिओ आणि गप्प!

"आता?"

"हिरवा."

"आणि आता?"

"पिवळा. लाल झाला बघा."

"हुश्श! सुटले बाई," म्हणत तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

काकांनी उशांवरून पाठ उचलली. "तुम्हाला माहीत होतं?"

"दिवा लागला त्याच आठवड्यात तुम्ही लालमध्ये गाडी घातलीत. बाजूनं ट्रक आला, मी किंचाळले, म्हणून ब्रेक लागला. वर मलाच झापलंत, पोरं घाबरतात म्हणून."

आठवत होतं. सगळं आठवत होतं.

"मग कुणाला बोलला का नाहीत?"

"तुम्हाला दोनदा म्हटलं, डोळे दाखवा. अंगावर आलात. शाळेत सांगितलं असतं तर तुम्हाला घरी बसवलं असतं, त्यात मुलीचं लग्न तोंडावर. जीभ रेटेना. चुकलंच माझं. मग निदान गाडीत तरी तोंड बंद ठेवायचं नाही असं ठरवलं."

ती गेली. बसमधल्या पहिल्या बाकावरची दात पडलेली चिमुरडी काकांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"रडू नका हो, टाके ओले होतील," बायको म्हणाली.

"फोन दे. शाळेत लावायचाय."

"अहो, नोकरी जाईल!"

"गेली तर गेली. दे."

पलीकडून मुख्याध्यापिकांनी तब्येत विचारली. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. दिवा लालच होता.

"मॅडम, ती माझी तक्रार फाडून टाका," ते म्हणाले. "दोन वर्षं बस त्या बाईंनी चालवली. मी नुसतं स्टीअरिंग धरून बसलो होतो."