'वेळ' गळालेला हुकूम

हे अंतर्यामी, ओंजळभर मेंदूत अवघे आकाश साठवणाऱ्या दयाघना, तुला नमन असो. पाऊल उचलावे असे मनात येते आणि पाऊल उचलले जाते. या दोहोंच्या मधल्या निमिषात तू बसलेला असतोस आणि आम्हाला त्याची गंधवार्ताही नसते. आज तुझे गुणगान थोडक्यात आटोपतो, कारण तुझ्या एका लेकीची गोष्ट सांगायची आहे. ती फार गोंधळलेली आहे, आणि गोंधळलेल्याच्या जवळ तू अंमळ अधिक असतोस अशी माझी श्रद्धा आहे.

ही लेक म्हणजे रुग्णालयाच्या मज्जाविकार विभागातल्या धाकट्या बाई. विभागप्रमुख ते 'सर', म्हणून ह्या 'धाकट्या'. शिक्षण पुरे होऊन काही वर्षे लोटली होती, केसांत एखादी रुपेरी तार चमकू लागली होती. पण विभागात त्यांच्यानंतर कुणी आलेच नाही, म्हणून धाकटेपण काही सुटले नाही.

बाईंना एका प्रश्नाने पछाडले होते. कंपवाताचे एक शिंपीकाका त्यांच्याकडे येत. रुग्णालयाच्या लांबलचक मार्गिकेतून ते असे चालत, की बाईंनी कौतुकाने मान डोलवावी. मग काकू कपाळाला हात लावून म्हणायच्या, "इथे बघा कसे नवरदेवासारखे चालतात! घरी स्वयंपाकघराच्या दारात आले की खांब होतात. पाय जमिनीला चिकटतात. मी हाका मारून थकते."

"तुझ्या हाकेनेच चिकटतात," काका म्हणायचे.

मोकळ्या जागेत चालणारा पाय दारापाशीच का थबकतो? उंबरठ्यावर रंगीत पट्ट्या चिकटवल्या तर तो उचलला जाईल का? आणि कोणता रंग, किती अंतरावर? हे रुग्णालयात बसून कळणार नव्हते, कारण रुग्णालयात तो थबकतच नव्हता. रुग्णांच्या घरी जायला हवे होते, आणि त्यासाठी आठवड्यातले दोन दिवस हवे होते. बाईंचे दिवस तर ओपीडीच्या रांगेने आधीच गिळलेले.

असे दिवस मिळवून देणाऱ्या संस्था असतात. नवोदित मज्जातज्ज्ञांना त्या निधी देतात; त्यातून रुग्णालय बदली डॉक्टर नेमते आणि संशोधन करणाऱ्याचे दिवस मोकळे होतात. पण नवोदितपणालाही मुदत असते, आणि बाईंची मुदत त्याच वर्षी सरत होती. यंदा निधी मिळाला तर प्रश्नाचा पाठलाग; नाही तर त्या जन्मभर ओपीडीच्या.

घरी सासूबाईंना हे समजावताना बाईंची दमछाक झाली.

"म्हणजे यंत्र घ्यायला पैसे देणार?"

"नाही आई, यंत्र नाही. वेळ घ्यायला."

"वेळ विकत मिळतो होय? मग माझ्यासाठीही आण पावशेर. तुझ्या लेकीला न्हाऊ घालण्यात माझा सगळा संपला."

बाई हसल्या, पण त्यांचे चित्त थाऱ्यावर नव्हते. कारण निधी देणाऱ्या संस्था दोन होत्या. दोन्हींकडे अर्ज धाडून त्यांनी पहिलीला फोन केला.

"आमचा निधी संशोधकांसाठी आहे," तिकडून मंजुळ आवाज आला. "तुम्ही तर रुग्ण तपासता."

दुसरीला केला.

"आमचा रुग्ण तपासणाऱ्यांसाठी. तुमचा अर्ज वाचून तर तुम्ही संशोधक वाटता."

"मग मी कोण?" बाईंनी विचारले.

"ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं," आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला.

सज्जनहो, 'मी कोण' या प्रश्नासाठी ऋषींनी अरण्ये गाठली, देहाची वारुळे होऊ दिली. आमच्या बाईंना तो दोन रुग्णांच्या मधल्या फटीत सोडवायचा होता, आणि बाहेर घंटी वाजत होती. त्यांचे पाय दोन दारांमध्ये असे खिळले, की शिंपीकाकांनीही कीव करावी. त्या इकडे बघत, तिकडे बघत, आणि पुढच्या रुग्णाचे नाव चुकीचे पुकारत.

अखेर दुसऱ्या संस्थेने अर्ज विचारात घेतला, पण एका अटीवर. विभागाने बाईंचे दोन दिवस खरोखर मोकळे ठेवले पाहिजेत. त्याला त्यांच्या भाषेत 'संरक्षित वेळ' म्हणत. निधी घ्यायचा आणि माणसाला पुन्हा ओपीडीत जुंपायचे, असे फार ठिकाणी घडले होते. म्हणून आधी तो वेळ पाळून दाखवायचा. संस्थेची तपासनीस न कळवता येऊन बघणार होती.

सर मनाने मोठे, पण सदा घाईत. जिना उतरता उतरता त्यांनी कारकुनाला हुकूम सांगितला, "लिहा, मंगळवार आणि गुरुवार डॉक्टरबाईंचा वेळ संरक्षित ठेवावा."

कारकून व्याकरणाचा भक्त. जिन्यावरच्या गलक्यात त्याच्या हातून 'वेळ' हा शब्द गळाला. टंकताना त्याला दिसले, की वाक्य लंगडते आहे. त्याने प्रेमाने ते सावरले, 'मंगळवार आणि गुरुवार डॉक्टरबाईंना संरक्षित ठेवावे.' सरांनी न वाचता सही केली, आणि कागद रीतसर सुरक्षा विभागाकडे गेला.

मंगळवारी बाई खोलीपाशी आल्या, तर दारात दांडका घेतलेला रखवालदार! त्याने टाच आपटून सलाम ठोकला.

"काय झालं हो?"

"बाई, तुम्ही घाबरू नका."

"मी घाबरलेली नाही. झालंय काय?"

"ते मलाही सांगितलेलं नाही. पण मी आहे."

दुपारपर्यंत विभागभर कुजबुज पसरली. कुणी म्हणे धमकी आली, कुणी म्हणे रुग्णाच्या भावाने हातपाय तोडण्याची भाषा केली. एका परिचारिकेने काळजीने घरी फोन केला. सासूबाईंनी तत्काळ बाईंना गाठले, "कुणाशी भांडलीस? खरं सांग, मी रागावणार नाही. मागे तो दूधवाला..."

"आई, मी कुणाशी भांडले नाही!"

"मग मी जाऊन कुणाशी भांडायचं, तेवढं सांग."

बाई शिंपीकाकांच्या घरी निघाल्या, तर रखवालदारही मागोमाग. काकूंनी दार उघडले आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या. "अहो, यांनी काय केलं? त्या झग्याचं माप चुकलं होतं, पण त्याला आता किती वर्षं झाली!" काकांनी घाबरून दोन्ही हात वर केले. त्यांची समजूत घालण्यात सारा वेळ गेला आणि पट्ट्या बाईंच्या पिशवीतच राहिल्या. परतताना त्यांना हसावे की रडावे, काही उमगेना. ज्या वेळासाठी एवढा खटाटोप, तोच हातातून निसटला होता.

गुरुवारी ओपीडी तुडुंब भरली. सर स्वतः बाईंना बोलवायला आले. दांडका आडवा झाला.

"साहेब, आज बाई संरक्षित आहेत."

"अरे, मी विभागप्रमुख आहे!"

"हो साहेब. हुकमावर सहीसुद्धा तुमचीच आहे." आणि त्याने खिशातून घडी उलगडून दाखवली.

सरांनी कागद वाचला, उलटा करून वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. "हे मी लिहिलं?" असे ते स्वतःलाच विचारू लागले. शेजारच्या बाकावर एक प्रौढ स्त्री बराच वेळ बसली होती. तिलाही रखवालदाराने आत सोडले नव्हते. ती उठली. तीच तपासनीस.

"संरक्षित वेळाची वचनं मी ढिगानं वाचली आहेत," ती म्हणाली. "विभागप्रमुखाला दारातून परत पाठवणारं रुग्णालय मात्र आजच पाहिलं. ही तुमची नेहमीची पद्धत?"

सर खोटे बोलणारे नव्हेत. "छे हो, ही चूक आहे," ते म्हणाले. ओपीडीच्या गर्दीकडे त्यांनी एकवार पाहिले, बाईंच्या बंद दाराकडे पाहिले. "पण ही चूक झाली नसती, तर मी आता त्यांना ओढून नेलं असतं. हेही खरं." मग बाह्या सरसावून ते स्वतःच बाईंच्या वाटणीचे रुग्ण तपासायला बसले.

निधी मंजूर झाला, एका वर्षापुरता. पुढचे पुढे. बाईंनी तपासनिसांना फोन करून भीतभीत विचारले, "मला नेमकं कोण म्हणून घेतलंत? संशोधक की डॉक्टर?"

"समितीत त्यावर फार वाद झाला. शेवटी 'इतर' या रकान्यात घातलंय."

बाईंना आनंद झाला की नाही, हे त्यांनाही सांगता आले नाही. कारकुनाने मात्र पश्चात्तापाने नवा हुकूम काढला, 'वेळ' हा शब्द ठळक करून. त्यामुळे रखवालदार पार चक्रावला. तो बाईंना म्हणाला, "बाई, आता वेळाचं रक्षण करायचंय म्हणतात. तो कुठे ठेवलाय तेवढं दाखवा, म्हणजे तिथे उभा राहतो."

निधीच्या पहिल्या मंगळवारी बाई सवयीने ओपीडीच्या खुर्चीत जाऊन बसल्या. बदली डॉक्टर समोर अवघडून उभा. "बाई, ही खुर्ची... आज माझी आहे बहुधा." बाई ओशाळून उठल्या. दिवस त्यांचा होता आणि त्याचे काय करावे हे त्यांना क्षणभर सुचेना. मग त्यांनी पिशवी उचलली आणि काकूंना फोन लावला, "येतेय. या वेळी एकटीच."

हे दयाघना, या लेकीला स्वतःचे नाव-गाव उमगो अथवा न उमगो, तिचा प्रश्न तिच्या हाती जिवंत ठेव. तिच्या सासूबाईंच्या जिभेवरचा खट्याळपणा आणि गुडघ्यांतले बळ टिकू दे, तिची चिमुरडी निरोगी वाढू दे, सरांच्या घाईला थोडी उसंत लाभू दे. त्या घरात संध्याकाळी दिवा लागताना सारी माणसे घरी असू देत, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या पावलांची चिंता वाहणाऱ्या त्या माउलीला सुखाची झोप लागू दे. कल्याण असो, कल्याण असो.