लेकीच्या वाटेवरचं पाणी

पन्नासच्या दशकात मी चामोर्शीजवळच्या एका गावात मास्तर होतो. रोज संध्याकाळी वैनगंगेच्या घाटावर एक बाई दिसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. धानाच्या बांधीतला चिखल गुडघ्यापर्यंत. वाटेत विहीर होती, पण ती तिथे पाय धूत नसे. नदीत उभी राहून पोटऱ्या सावकाश चोळायची, नखांतली मातीसुद्धा काडीने काढायची आणि गढूळ रेघ दूर जाईपर्यंत बघत राहायची.

एकदा मी विचारलंच, "बाई, विहीर सोडून इथवर का येता?"

"पोरगी देली ना खाली सिरोंच्याकडे, याच पान्याच्या काठी. पूर आला का तिच्या वावरात गाळ बसते. आपल्या बांधीची माती पोचते तिले."

माझ्यातला मास्तर गप्प बसेना. "अहो, बरीचशी समुद्रात जाते. विरघळलेली तर दिसतही नाही."

ती हसली. "जाऊ द्या ना भाऊ समुद्रात. पोरीचं गाव आधी लागते."

दुसऱ्या दिवशी खडूने पांढरे झालेले हात मी नदीवरच धुतले. तिने पाहिलं.

"तुमचं कोन हाय तिकडं?"

"कोणी नाही."

"नसू द्या. माह्या नातवाले पोचन. शिकन तो."