चांदीचा पान्हा

अब्राहामला गाय हवी होती. नेवाशाजवळच्या वस्तीवर, शेजारच्या रंगनाथच्या दारात काळी-पांढरी संकरित गाय होती. ती पाहिली की ह्याचा जीव वरखाली व्हायचा. "एक गाय दारात आली ना हेलन, मंग देवाकडं कायबी मागनार न्हाई," असं तो बायकोला म्हणायचा.

गाय आली. सुख पावसाळा सरेपर्यंत टिकलं, कारण तेवढ्यात रंगनाथनं दुसरी आणली. मग काय! ह्यालाही दुसरी, मग तिसरी. हौसेला मोल नसतं म्हणतात ते काय उगीच? चौथी आली ती चांदी. पंचक्रोशीत तिच्याएवढं दूध कुणाच्या गोठ्यात नव्हतं.

पहिल्या वेतापासून त्यानं तिला लाडावून ठेवलं. तिच्या कुशीला कपाळ टेकायचं, उपासनेतलं एक गाणं गुणगुणायचं, की चांदी पान्हा सोडायची. दुसरा कुणी बसला की लाथ झाडायची. शहाण्या माणसानं वेळीच दुसऱ्या हाताची सवय लावली असती. हा बाबा उलट लोकांना बोलावून दाखवायचा! हेलनला मुद्दाम बसवायचा, गाय अडली की मिशीत हसायचा. "बघा, माझ्याबिगर तिचं पान हालत न्हाई."

व्हायचं तेच झालं. सकाळची धार, संध्याकाळची धार, मध्ये वैरणपाणी. नाताळच्या गायनात त्याचा आवाज घुमायचा, तो बंद पडला. हेलनचं पारनेरचं माहेर तुटल्यासारखं झालं. पोटच्या लेकीच्या, क्रिस्टीनाच्या लग्नात हा पंगतीतून उठून गोठ्याकडं पळाला. लेकीची पाठवणी झाली तेव्हा ह्याचे हात चांदीच्या सडांना होते. त्या रात्री तो लहान पोरासारखा रडला.

आता क्रिस्टीनाला मुलगा झाला होता. रविवारी पुण्यात बाप्तिस्मा. फोनवर ती स्पष्टच बोलली, "पप्पा, बाळाला पाळकसाहेबांच्या हातात तुम्हीच द्यायचं. या वेळी नाही आलात, तर मी पुन्हा कधी बोलावणार नाही."

अब्राहाम हादरला. रंगनाथला धारेला बसवून पाहिलं, तर चांदीनं बादलीच उडवली. "ह्या जनावरानं मला जित्तं गाडलंय गं," म्हणत तो डोकं धरून बसला.  हेलन मागं राहून बाकीचा गोठा सांभाळणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी ती म्हणाली, "तुमी कपडे करा. नऊची एसटी हाय. आज मी बसते."

तिनं त्याचा शेणामातीचा शर्ट अंगात घातला, त्याचाच टॉवेल डोक्याला गुंडाळला. चांदीच्या कुशीला कपाळ टेकवून त्याच्यासारख्या जाड्या आवाजात तेच गाणं गुणगुणू लागली. चांदीनं कान हलवले. आणि बादलीत धार वाजली.

अब्राहाम धुतलेल्या पांढऱ्या शर्टात गोठ्याच्या दारात उभा होता. सुटला होता की बिचारा! नाचायला पाहिजे होतं त्यानं. पण तो पुढं होऊन चांदीची कास चाचपू लागला.

"अगं, सगळं न्हाई निघत तुज्यानं. कास दाटंल तिची. ऊठ, मी काढतो."

"बादली काठोकाठ भरलीया. दिसत न्हाई व्हय?"

"तरी पन... संध्याकाळी न्हाई दिलं तर? मी जाईन नंतर बाळाला बघायला. बाळ काय पळून चाललंय?"

हेलन बादली बाजूला ठेवून उठली.  मग शर्ट काढून तिनं त्याच्या हातात दिला.

"इतकी वर्सं मला वाटायचं गाय तुमाला सोडत न्हाई. मलाबी लेक हाय. मला कुनी इचारलं का कधी?"

तिनं हात धुतले, लुगडं बदललं आणि त्याची भरलेली पिशवी उचलली. "बाळाला मीच देते पाळकसाहेबांच्या हातात," एवढं बोलून ती फाट्याकडं चालू लागली. 

संध्याकाळी तो धारेला बसला. कुशीला कपाळ टेकलं, तोंड उघडलं, पण घशातून गाणं काही निघेना. चांदीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग मान वळवून त्याच्याकडं बघितलं. कास तट्ट फुगलेली होती. बादली कोरडीच राहिली.